तिसऱ्या मजल्याचा उंबरा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ताईला टीमची प्रमुख केलं, त्या दिवसापासून तिच्या फोनला उसंत मिळाली नाही. कुठे लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकलेली, कुठे दरवाजा उघडतोय पण मिटत नाहीये, कुठे बटण दाबलं की भलत्याच मजल्यावर जाऊन उभी राहतेय. फोन आला की ताई हेल्मेट उचलायची आणि निघायची. तिच्या हाताला गुण होता, हे सगळेच मानत. बिघडलेल्या लिफ्टपाशी नुसती कान देऊन उभी राहिली, तरी लिफ्टला कुठे दुखतंय ते ती ओळखायची. म्हणून तर तिला प्रमुख केलं होतं. पण प्रमुख झाल्यावरही ती तेच करत राहिली. फरक एवढाच, की आता चौघांचं काम ती एकटी ओढत होती.

टीममध्ये तिच्याशिवाय तिघं. मामा सगळ्यांत जुने. ताई नवीन लागली तेव्हा पाना कसा धरायचा, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. ती प्रमुख झाली आणि दुसऱ्याच दिवशी ते तिला अहोजाहो करायला लागले. त्यांचं दर ‘तुम्ही’ ताईला परकं वाटायचं. दुसरा रेडिओ. तो सकाळी दारातून आत येताना सुरू व्हायचा तो संध्याकाळी घरी जातानाच बंद. तिसरी डिग्री, नुकतीच इंजिनिअर होऊन आलेली. पोरगी हुशार होती, पण तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर टिकत नसे. तिने एखादा स्क्रू फिरवायला घेतला की ताई “आण इकडे” म्हणायची आणि काम चुटकीसरशी उरकून टाकायची.

हॉस्पिटलच्या लिफ्टने मात्र ताईच्या नाकी नऊ आणले होते.

हॉस्पिटल सहा मजली आणि तिथे दोन लिफ्ट. एक लहान, भेटायला येणाऱ्यांची. दुसरी मोठी, स्ट्रेचर मावणारी. ही मोठी सारखी रुसायची, आणि रुसायची तीही बहुतेक तिसऱ्या मजल्यावर, जिथे ऑपरेशन थिएटर होतं. दरवाजा मिटायचा, पण लॉक लागल्याचं लिफ्टला कळायचंच नाही, आणि ते कळल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही. माणसांच्या जिवासाठीच ती सोय असते. ताई जायची, लॉक लागल्याचं लिफ्टला कळवणारा कॉन्टॅक्ट जागेवर आणायची, लिफ्ट वरखाली फिरवून बघायची, सही घ्यायची आणि निघायची. आठवडा जात नाही तोच पुन्हा फोन.

शेवटी मॅनेजर साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. हॉस्पिटलने निर्वाणीचं कळवलं होतं. महिनाभरात लिफ्ट सुधारली तर ठीक, नाहीतर ते दुसरी कंपनी बघणार होते. साहेब आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी इतकंच विचारलं, की तू इतक्या वेळा दुरुस्त केलेली गोष्ट इतक्या वेळा बिघडते कशी. ताई म्हणाली, तिथले लोक लिफ्ट धसमुसळेपणाने वापरतात. म्हणाली खरी, पण बोलतानाच ते तिचं तिलाच पटलं नाही.

त्या आठवड्यात तिची मोठी नणंद राहायला आली होती. वन्सं दुसऱ्या शहरात नर्सना शिकवायच्या आणि सुट्टीवर आल्या तरी शिकवायची खोड जायची नाही. सकाळी ताई उभ्या उभ्या चहा पीत होती आणि फोनवर रेडिओला कुठली वायर कुठे लावायची ते सांगत होती. वन्संनी तिचा फोन संपेपर्यंत वाट बघितली. मग तिला खुर्चीवर बसवलं आणि एवढी धावपळ कशापायी चालली आहे ते विचारलं. ताईने हॉस्पिटलच्या लिफ्टचं सगळं गाऱ्हाणं सांगितलं. ऐकून वन्सं उपाय सांगतील असं तिला वाटलं होतं. वन्संनी उपाय सांगितला नाही. त्यांच्या वॉर्डात काय करतात ते सांगितलं.

वॉर्डात एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा चुकायला लागली की त्या आठवड्यातून एकदा चार-पाच जणी गोल करून बसत. जिची अडचण तिने ती मांडायची. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. मग तिनेच ठरवायचं, की आता आपण काय करून बघणार. ते खरोखर करून बघायचं, आणि पुढच्या आठवड्यात येऊन सांगायचं, की काय होईल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं आणि दोन्हींत फरक का पडला.

“आणि सल्ला?” ताईने विचारलं.

“सल्ला तोंडातून निघता कामा नये.”

“मग आमचा रेडिओ फुटेल.”

“फुटू दे. आमच्याकडे दोन डॉक्टर फुटले होते. नंतर झाली सवय.”

ताई हसली, पण ऑफिसला पोहोचेपर्यंत ती गोष्ट तिच्या डोक्यातून गेली नव्हती. आपल्याला उपाय सुचत नाही म्हणून आपण अडलोय, असं तिला आतापर्यंत वाटत होतं. उपाय तर तिला ढीगभर सुचत होते. पण लिफ्ट मुळात का बिघडते, असं तिला कुणी विचारलंच नव्हतं आणि तिनेही कुणाला विचारलं नव्हतं.

शुक्रवारी जेवणानंतर तिने तिघांना मागच्या स्टोअररूममध्ये बोलावलं. कंपनीचा फोन तासाभरासाठी साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी भुवई उंचावली, पण नाही म्हणाले नाहीत. स्टोअरमध्ये जुन्या दोरखंडांची लाकडी रिळं पडली होती. एकावर मामा बसले, एकावर डिग्री, रेडिओ हत्यारांच्या पेटीवर. ताईने उलटा खोका ओढून घेतला. तिने नियम सांगितला आणि आपली अडचण मांडली: हॉस्पिटलची लिफ्ट मी दुरुस्त करते आणि ती पुन्हा बिघडते.

रेडिओला क्षणभरही धीर धरवला नाही. “ताई, तुम्ही तो कॉन्टॅक्ट बदलूनच का टाकत नाही?”

“हा प्रश्न नाही,” डिग्री म्हणाली. “सल्ल्याला मागून प्रश्नचिन्ह लावलंय तुम्ही.”

मामांना हसू फुटलं. रेडिओ थोडा वरमला, मग त्यालाही हसू आलं, आणि इतके दिवस त्या चौघांत जे एक अवघडलेपण साचलं होतं ते जरासं सैल झालं. पण खरा प्रश्न विचारणं फार अवघड निघालं. प्रत्येकाच्या जिभेवर तयार उत्तर बसलेलं. ते गिळायचं आणि आपल्याला जे माहीत नाही ते विचारायचं. रेडिओ गप्प बसलेला त्यांनी पहिल्यांदाच बघितला.

मग मामांनी विचारलं, “तिथून निघताना तुम्ही शेवटचं काय करता?”

लिफ्ट वरखाली फिरवून बघते, ताईने सांगितलं.

“रिकामी?” रेडिओने विचारलं.

हो, रिकामीच.

“आणि ती बंद पडते तेव्हा आत काय असतं?” हे डिग्रीने विचारलं.

ताईने आठवून बघितलं. तिला माहीत नव्हतं. आत माणूस असतो, स्ट्रेचर असतं की औषधांची गाडी, बंद पडण्याच्या आधी काय घडतं, यातलं काहीच तिने कधी बघितलं नव्हतं. ती नेहमी बिघडून झाल्यावर पोहोचायची. हे कळलं तेव्हा तिला वाईट वाटायला हवं होतं, पण तिच्या अंगातून वीज गेल्यासारखं झालं. इतके दिवस बंद असलेल्या खोलीला दार आहे, हे तिला आत्ता दिसलं होतं. उद्याच जाते, ती म्हणाली, आणि कशालाही हात न लावता नुसती बघते.

हात न लावणं हे तिला वाटलं होतं त्याहून कठीण गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती तिसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोर, भिंतीला टेकून, हात मागे बांधून उभी राहिली. पहिल्या तासातच तिला दिसलं. वॉर्डबॉय आणि वॉर्डातली मावशी पेशंटला थिएटरकडे घेऊन येत, तिसऱ्यावर लिफ्टचं दार उघडलं की ते स्ट्रेचर बाहेर ढकलत आणि स्ट्रेचर दाराच्या कडेला धडकत असे. आवाज फार मोठा नाही, एक बोथट ठोसा. दरवाजा प्रत्येक ठोशाला केसभर सरकत असणार आणि पाच-पन्नास ठोशांनंतर लॉक जुळेनासं होत असणार. ताईला आनंदाने तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली. सापडलं होतं.

ती तशीच वर्कशॉपमध्ये गेली, जाड रबराच्या पट्ट्या कापल्या, संध्याकाळी येऊन स्वतःच्या हाताने दाराच्या कडांना बसवल्या. आता बसू देत ठोसे. मामा, रेडिओ आणि डिग्री खाली गाडीत बसून होते. तिने त्यांना वर बोलावलं नाही. एवढ्याशा कामाला कशाला चौघं?

दोन दिवसांत पट्ट्या निघाल्या. निघाल्या म्हणजे वॉर्डबॉयने ओढून काढल्या, कारण पट्ट्यांमुळे दार अरुंद झालं आणि स्ट्रेचर मध्येच अडकायला लागलं. वर हॉस्पिटलमधून तक्रारीचा फोन आला तो वेगळाच.

पुढचा शुक्रवार आला तेव्हा ताईचा पारा चढलेला होता. तरी तिने ठरल्याप्रमाणे सगळं सांगितलं: काय होईल असं वाटलं होतं आणि काय झालं. तिची अपेक्षा होती की तिघं आता पट्टीच्या जाडीबद्दल विचारतील. पण डिग्रीने भलताच प्रश्न काढला.

“ताई, पट्ट्या लावत होतात तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?”

ताईला हा प्रश्न आवडला नाही. पण नियम तिनेच घातला होता. तिने जरा विचार केला आणि खरं तेच सांगितलं. एकदाचं संपावं, असं मनात होतं. मीच शोधलं, मीच संपवलं, असं व्हावं असंही वाटत होतं.

“आणि त्या वेळी आम्ही कुठे होतो?” मामांनी विचारलं.

“खाली. गाडीत.”

“का?”

मामांनी हे अगदी हळू विचारलं. त्यात टोमणा नव्हता. ताईने तिघांकडे बघितलं. डिग्री आपल्या हातांकडे बघत होती, स्वच्छ, एकही ओरखडा नसलेल्या हातांकडे. रेडिओ भिंतीकडे. आपण प्रमुख झाल्यापासून या तिघांना नुसतं गाडीत बसवून फिरवतोय, हे ताईला एकदम लख्ख दिसलं. आणि ती एकटी उत्तर शोधत राहिली म्हणूनच उत्तर अर्धवट सापडलं होतं. धडक दारावर बसते हे तिला दिसलं होतं. धडक का बसते हे विचारायला ती थांबलीच नव्हती.

“कारण मला वाटतं, मी केल्याशिवाय होणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही मात्र मला असं कधी जाणवू दिलं नव्हतं, मामा. मी शिकत होते तेव्हा तुम्ही किती वेळा माझ्या हातून बिघडू दिलंत.”

मामांनी मान हलवली. मग म्हणाले, “तू चांगली शिकलीस म्हणून मला सोपं गेलं.”

ते ‘तू’ म्हणाले होते. ताईने ते ऐकलं आणि पुढचा सगळा वेळ तिचा चेहरा उजळलेला होता.

त्या दिवशी पुढचं पाऊल चौघांनी मिळून ठरवलं. स्ट्रेचर का धडकतं ते बघून कळणार नव्हतं, ढकलून कळणार होतं. हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंना ताईने फोन करून दुपारची वेळ मागितली, जेव्हा ऑपरेशन नसतात, आणि स्ट्रेचर नेणारी दोन माणसंही मागितली. मेट्रनबाई आधी साशंक होत्या. माणसं कशाला, त्यांनी विचारलं. त्यांची चूक काढायला नव्हे, ताईने सांगितलं, त्यांच्याकडून शिकायला. पलीकडून ‘या’ असं उत्तर आलं.

ठरलेल्या दुपारी तिसऱ्या मजल्यावर जी गंमत झाली ती त्या हॉस्पिटलमध्ये पुढे कितीतरी दिवस सांगितली गेली. ताई स्वतः स्ट्रेचरवर आडवी झाली, कारण रिकामं स्ट्रेचर काही उपयोगाचं नव्हतं. ढकलायला आधी मामा. मामांनी आयुष्यभर अवजड मोटारी हलवल्या होत्या. एवढंसं स्ट्रेचर ते काय. त्यांनी ते लिफ्टमधून बाहेर ऐटीत ढकललं आणि ते धाडकन दारावर आदळलं. ताईचे दात वाजले. वॉर्डबॉय तोंड फिरवून हसायला लागला. मग रेडिओ. तोही आदळला, आणि आदळल्यावर म्हणाला, की इतके दिवस आपण ज्यांना धसमुसळे म्हणत होतो, त्यांची आता माफी मागायला हवी. मावशीने पदर खोचला, म्हणाली बघा, आणि स्ट्रेचर घेतलं. तिचंही आदळलं, पण हलकं. ती दाराशी आली की आपलं पूर्ण वजन टाकून एक झटका देत होती.

“हा झटका कशाला देता मावशी?” डिग्रीने विचारलं.

“नाही दिला तर चाक अडतं.”

“कशाला अडतं?”

मावशीने खांदे उडवले. अडतं, म्हणून देतो झटका, सगळेच देतात. डिग्री खाली बसली, मग सरळ फरशीवर पालथी पडली आणि गाल जमिनीला टेकवून लिफ्टच्या उंबऱ्याकडे बघायला लागली. वॉर्डबॉय आत, मामा आत, ताई स्ट्रेचरसकट आत, असं करून तिने सगळ्यांना लिफ्टमध्ये शिरायला सांगितलं. एक मजला खाली जा आणि परत वर या, म्हणाली. लिफ्ट गेली आणि आली. दार उघडलं तेव्हा डिग्री अजून तशीच पालथी होती, आणि तिने फक्त हात वर करून बोटाने खाली दाखवलं.

लिफ्टची फरशी मजल्याच्या फरशीहून खाली थांबली होती. फार नाही, एखाद्या जाड नाण्याएवढी. माणूस तिच्यावरून हजारदा गेला तरी त्याच्या ध्यानात येणार नाही. पण स्ट्रेचरची चाकं लहान. पायाला न कळलेली ती पायरी चाकाला लगेच कळत होती. चाक अडलं की ढकलणारा झटका देणार, झटक्याने स्ट्रेचर वाकडं होणार, वाकडं झालेलं दारावर जाणार. रेडिओ बाकीचे मजले तपासायला जिन्याने पळाला आणि धापा टाकत परत आला. तिथे सगळीकडे लिफ्ट बरोबर थांबत होती. फक्त तिसऱ्यावर खाली, आणि रिकामी असेल तर तिथेही इतकी कमी की दिसूच नये. वजन आलं की दोर ताणतात आणि तो फरक वाढतो. ताई इतके महिने रिकामी लिफ्ट फिरवून सही घेत होती.

सगळे एकदम बोलायला लागले. मामा आठवून सांगत होते की लिफ्ट ज्यातून वरखाली जाते त्या शाफ्टमध्ये प्रत्येक मजल्याला थांबायची खूण देणारी एक लोखंडी पट्टी असते, तिसऱ्याची सरकली असणार. वॉर्डबॉय मावशीला सांगत होता की तो कधीपासून म्हणत होता, आणि मावशी म्हणत होती की तो कधीच म्हणत नव्हता. ताई अजून स्ट्रेचरवरच बसलेली, पाय खाली सोडून, आणि तिला इतका आनंद झाला होता की उतरायचं सुचत नव्हतं. रबराच्या पट्ट्यांच्या वेळचा आनंद तिला आठवला. तो एकटीचा होता. हा सहा जणांचा होता आणि कितीतरी मोठा होता.

दुरुस्ती तेव्हाच करायचं ठरलं. मेट्रनबाईंनी तासभर लिफ्ट बंद ठेवायची परवानगी दिली. मामा आणि डिग्री लिफ्टच्या टपावर चढले, रेडिओ वर मशीनरूममध्ये, ताई मजल्यावर. टपावर जायची डिग्रीची ही पहिलीच खेप. मामांनी अंदाज केला होता तसंच निघालं. पट्टीचा बोल्ट ढिला होऊन ती सरकली होती. डिग्रीने पाना हातात घेतला. खालून ताईच्या तोंडात “आण इकडे” आलं होतं. तिने ते गिळलं आणि दोन्ही हात मागे बांधले.

काम निम्म्यावर आलं असेल, तेवढ्यात जिन्यातून धावत पावलं वाजली. खाली एक बाई बाळंतपणासाठी आली होती. बाळाचे ठोके मंदावत होते, तिला लगेच थिएटरमध्ये न्यायचं होतं. लहान लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. जिन्याने उचलून न्यायचं तर वळणं अरुंद. डॉक्टरीणबाई जिन्यातूनच ओरडून विचारत होत्या, लिफ्ट किती वेळात मिळेल.

पूर्वीची ताई असती तर एव्हाना टपावर चढून डिग्रीला बाजूला सारून कामाला लागली असती. तिचे हात शिवशिवत होतेच. पण इतक्या घाईत माणूस बदलला तर उलट वेळ जाईल, हे तिला कळत होतं. आणि डिग्रीला तिथे काय दिसतंय ते तिला खालून दिसत नव्हतं. तिने मान वर केली आणि शक्य तितक्या शांतपणे विचारलं, “डिग्री, काय दिसतंय तुला?”

वरून स्पष्ट आवाज आला. “पट्टी बाकीच्या मजल्यांच्या मापावर आणली आहे. एक बोल्ट घट्ट झाला, दुसरा होतोय.”

“अजून काय राहिलंय?”

“वजनासकट एक फेरी.”

“कितपत खात्री आहे?”

डिग्रीने पान्याने बोल्ट आणखी एकदा आवळून बघितला. मग ती म्हणाली, “फेरी नीट झाली तर पूर्ण खात्री. मामांनीही बघितलंय.”

ताईने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, पेशंटला खाली लिफ्टच्या दाराशी आणा. एक फेरी करून बघतो, ती चुकली तर जिन्याने उचलायला आम्ही सगळे आहोत. मामा आणि डिग्री टपावरून उतरले. वजन लागणार होतं आणि वजन समोरच उभं होतं. मामा, डिग्री, वॉर्डबॉय, मावशी, मेट्रनबाई, आवाज ऐकून आलेल्या दोन नर्स, सगळे लिफ्टमध्ये घुसले, रिकामं स्ट्रेचरही आत ओढलं. रेडिओने वरून बटण दाबलं. लिफ्ट खाली गेली, वर आली, तिसऱ्यावर थांबली. दार उघडलं. ताई गुडघ्यावर बसली आणि तिने उंबऱ्यावरून बोट फिरवलं. मजला संपून लिफ्ट कुठे सुरू होते ते मधल्या फटीवरूनच कळत होतं. वरखाली काहीच नव्हतं.

“जाऊ दे,” ती म्हणाली.

ती बाई वर आली तेव्हा मावशी आणि वॉर्डबॉय स्ट्रेचर धरून होते. दार उघडलं. दोघांनी सवयीने झटका द्यायला खांदे आवळले आणि मावशीच्या लक्षात आलं. तिने मान हलवून त्याला थांबवलं. त्यांनी नुसतं ढकललं. स्ट्रेचर पाण्यावरून होडी जावी तसं उंबरा ओलांडून बाहेर आलं आणि कॉरिडॉरमधून थिएटरकडे वळलं. ना ठोसा, ना खडखडाट. थिएटरचं दार मिटलं.

मग चौघं तिथेच बाकावर बसून राहिले. काम संपलं होतं, पण उठवत कुणालाच नव्हतं. बऱ्याच वेळाने आतून नवजात बाळाचं रडणं ऐकू आलं, आधी बारीक, मग चांगलं तारस्वरात, आणि डिग्री दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली. तिचे हात ग्रीसने काळे झाले होते आणि तो काळा रंग आता तिच्या गालांनाही लागला.

घरी आल्यावर ताईने वन्संना सगळं सांगितलं, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा ती इतक्या भरभर बोलली की त्यांना निम्मंच कळलं. ऐकून वन्संनी एवढंच विचारलं, की मग तुझ्याबद्दल तुला काय कळलं. ताई म्हणाली, हात मागे बांधले की मला जास्त दिसतं. नवरा शेजारीच होता. तो म्हणाला, हे घरातही लागू पडेल का. दोघींनी त्याच्याकडे बघितलं आणि तो भांडी आवरायला उठला.

महिना सरला. तिसऱ्या मजल्यावरून एकही फोन आला नाही आणि हॉस्पिटलने कंपनी बदलायचा विषय सोडून दिला. उलट मेट्रनबाईंनी कळवलं, की असंच गोल करून बसायचं आमच्या माणसांनाही शिकवा. ताईच्या टीमने आता दर लिफ्टची परीक्षा वजन भरून घ्यायला सुरुवात केली होती, आणि आणखी दोन इमारतींत, जिथे पुन्हा पुन्हा जावं लागायचं, तिथली दुखणी मुळातून निघाली. फोन पहिल्याहून कमी वाजायला लागला, आणि वाजला तरी तो उचलायला आता चार माणसं होती.

एका शुक्रवारी साहेब स्वतःच स्टोअररूममध्ये आले. तुमच्या या गप्पांत काय चालतं ते बघायचंय, म्हणाले. ताईने त्यांना रीळ ओढून दिलं आणि नियम सांगितला. साहेबांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की त्यात निदान तीन सल्ले होते. रेडिओने अतिशय नम्रपणे त्यांना ते दाखवून दिलं. साहेब लाल झाले, मग त्यांनी हात वर केले आणि मुकाट ऐकत बसले.

त्या दिवशी अडचण मांडायची पाळी मामांची होती. आतापर्यंत ते टाळत आले होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, घसा साफ केला.

“पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांत हातांना जे कळलं ते मला बोलून सांगता येत नाही. करून दाखवतो, पण सांगता येत नाही. ते या पोरांपर्यंत कसं पोचवू, तेच मला कळत नाही.”

ताईला सुचलं होतं, एकदम चांगलं सुचलं होतं, पण ती ओठ मिटून बसली. साहेब पुढे झुकले. रेडिओने श्वास घेतला आणि सोडून दिला. मग डिग्रीने आपलं रीळ मामांच्या जवळ सरकवलं, त्यांचे ते जाड, चरे पडलेले हात नीट निरखून बघितले आणि विचारलं, “मामा, तुमच्या हाताला एखादी गोष्ट पहिल्यांदा कधी कळली, ते आठवतंय का?”

मामा विचार करायला लागले. आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं.